शालूबाईने घरोघर नेलेली वही

दिनांक १ मे २०२५, वार गुरुवार. मौजे बोरजाई येथील ग्रामसभेने विधवा प्रथा बंदीचा आपला तीन वर्षांपूर्वीचा ठराव रद्द केला. इतिवृत्तात त्यापुढे 'सर्वानुमते' असा शब्द लिहिलेला आहे. तो असत्य आहे. भर सभेत एक बाई उभी राहिली होती आणि तिने विरोध केला होता. शालूबाई दत्तोबा कासार, वय अठ्ठावन्न, धंदा बांगड्या भरण्याचा. इतिवृत्तात तिचे नाव नाही, म्हणून ते येथे नोंदवले आहे.

बोरजाई हे कुरुंदवाडपासून दोन कोसांवरचे गाव. पेठ वडगावच्या एका कासाराची ही मुलगी लग्न होऊन येथे आली, तेव्हा नववी पास होती आणि नुसता हात दाबून बांगडीचे माप सांगत होती. सव्वादोनचा हात, अडीचचा हात, बाळंतिणीचा सुजलेला हात, नांगराचे रुमणे धरून घट्टे पडलेला हात. तिने एकदा धरलेला हात ती विसरत नसे. कुठल्या हातावर मार बसला आहे, हेही तिला कळे. ती विचारत नसे. त्या दिवशी मात्र बांगड्या अधिक सावकाश चढवी.

१९९८ साली नवरा दत्तोबा कावीळ होऊन गेला. प्रेत दारात असताना जावेने शालूबाईचे दोन्ही हात उंबऱ्यावर ठेवले आणि पाट्याच्या वरवंट्याने बांगड्या फोडल्या. त्या बांगड्या शालूबाईने स्वतःच वडगावातून निवडून आणल्या होत्या. पुढच्याच महिन्यात पोटासाठी तिला पेटी उचलावी लागली. मोकळ्या मनगटांची बाई गावभर दुसऱ्यांची मनगटे भरू लागली. गावाने ते चालवून घेतले, पण एक मर्यादा घातली. नवरीचा चुडा तिने भरायचा नाही. बांगड्या तिने निवडायच्या, माप तिने सांगायचे आणि ऐन वेळी मांडवाबाहेर थांबायचे; भरायला तिची जाऊ आत जाणार. चोवीस वर्षे असेच चालले. ज्या जिल्ह्याचे नाव घेताना वक्ते आधी 'पुरोगामी' हे विशेषण लावतात, त्याच जिल्ह्यातले हे गाव आहे.

मग २०२२ साल उजाडले. जिल्ह्यात विधवा प्रथा बंदीची हवा होती आणि तालुक्याचे पुढारी आणि कारखानदार असलेल्या साहेबांना आपल्या पट्ट्यातही असा ठराव हवा होता. त्या वेळचे सरपंच भाऊसो हे साहेबांचे माणूस. त्यांनी सभा बोलावली. हजर राहिले एक्केचाळीस जण. कोरमसाठी शंभर डोकी लागत होती. आपल्याकडे अशा वेळी सभा तहकूब करत नाहीत, हजेरीची वही गावातून फिरवतात. वर्षानुवर्षांची रीत असल्यामुळे ती कुणाला खोटी वाटत नाही.

"आक्का, तू घरोघर जातीसच की," भाऊसो म्हणाले. "पेटीसंगं वही बी ने. बायकांच्या सह्या बायकांनीच आणल्याल्या बऱ्या."

शालूबाईने वही पेटीत, चमकीच्या बांगड्यांखाली ठेवली. आठ दिवसांत तिने बहात्तर सह्या आणि अंगठे आणले. बाईचा डावा हात शालूबाईच्या मुठीत असे आणि उजव्या हाताने ती सही करी. एखादी विचारी, "कसली गं सही?" शालूबाई म्हणे, "आपल्या बांगड्यांची." दोघी हसत. सभेचा दिवस, ठरावाचा मजकूर, आपण तेथे हजर होतो असे या सहीने लिहून दिले जात आहे, यातले काहीही तिने कुणाला समजावले नाही. ते तिला स्वतःलाही तेवढे महत्त्वाचे वाटले नव्हते. पुण्याच्या कामाला कसली आली आहे हजेरी, अशी तिची समजूत होती.

ठराव झाला. शालूबाईने स्वतःच्या हातात सहा-सहा हिरव्या बांगड्या भरल्या. त्या वर्षी तिने गावात पहिल्यांदा मांडवात बसून नवरीचा चुडा भरला. पुढच्या वर्षी गावातल्या एका तरुणाचा सांगली रस्त्यावर मोटारसायकलवरून जाताना मृत्यू झाला. त्याची बायको सोनम तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांची. बायका तिच्याकडे सरकल्या, तशी शालूबाई मध्ये उभी राहिली. "गावाचा ठराव हाय. हात लावायचा न्हाय पोरीला." बायका मागे सरल्या. सोनमच्या हातातला चुडा शाबूत राहिला.

साहेबांनी मात्र आपल्या पद्धतीने पुण्य वसूल केले. पुरस्काराचा समारंभ झाला. पुढे निवडणूक आली, तेव्हा एस.टी. थांब्यावर भलामोठा फ्लेक्स लागला. वर हात जोडलेले साहेब आणि खाली गावातल्या अकरा विधवांचे फोटो, नावांसकट. त्या अकराजणींना कुणी विचारले नव्हते. त्यांत शालूबाईची तीस वर्षांपासूनची मैत्रीण बाळाबाई होती. गडहिंग्लजहून तिच्या जावयाचा फोन आला, की सासूबाई, तुमचा फोटो आमच्या भावकीत फिरतोय. बाळाबाई त्यानंतर पंधरा दिवस थांब्याकडे फिरकली नाही. फ्लेक्स तीन महिने हलला नाही. गावाचा राग त्या फ्लेक्सवर होता, साहेबांवर होता, त्यांच्या कारखान्यावर आणि त्यांच्या भाषणांवर होता. तो राग ठरावावर जाऊन बसेल, हे शालूबाईच्या स्वप्नातही नव्हते.

राग उचलला राजवीरने. हा सोनमचा धाकटा दीर, वय एकोणतीस, शिक्षणाने इंजिनियर. पुण्यातली नोकरी सोडून आला आणि त्याने तरुणांचे मंडळ काढले. बोलायला मृदू, मोठ्या माणसांच्या पाया पडणारा. साहेबांचे पॅनेल पाडून त्याची माणसे ग्रामपंचायतीत बसली. जुन्या चालीरीती म्हाताऱ्यांबरोबर जातील आणि शिकलेली पोरे आपोआप सुधारतील, असे जे गृहीत धरून आपण सगळे झोपलो होतो, त्याला या मुलाने दिवसाढवळ्या छेद दिला.

एक मेच्या सभेला शालूबाई गेली ती गटारीचा विषय आहे म्हणून. समाजमंदिर भरले होते. दोनशेच्या वर माणसे, बायका निम्म्या. एवढी गर्दी बघून तिला बरेच वाटले. गटारी झाल्या, नळपाणी झाले. मग राजवीर उठला आणि त्याने जुनी वही उघडली.

"पुरोगामी गाव म्हणून आपल्याला बक्षीस मिळालं," तो म्हणाला. "कुणाकुणाला म्हाईत हाय ती सभा? मी नावं वाचतो. जी हजर होती तिनं हात वर करायचा."

तो नावे वाचू लागला. हात वर होईनात. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बाळाबाईचे नाव आले.

"मावशी, तुम्ही आलता सभेला?"

"न्हाय बा," बाळाबाई म्हणाली. "मी कुठं आलतो? शालूआक्का आलती घरी, वही घिऊन. सुनंला बांगड्या भरता भरता घेतली माझी सही."

"सही कशाची, ते सांगिटलं?"

बाळाबाईने शालूबाईकडे पाहिले. "बांगड्यांची म्हणाली." मग तिचा आवाज चढला. "माझं तोंड तीन म्हैनं उनात टांगलं तवा कुणी इचारलं मला? तवा कुठं गेलती सभा?"

मागून कुणी तरी ओरडले, "साह्यबास्नी इचारा की, मावशी!" हशा पिकला.

बाळाबाई खोटे बोलली असती, तर शालूबाईला भांडता आले असते. पण ती जे बोलली, त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पुढच्या बाईने तेच सांगितले, त्याच्या पुढच्या बाईनेही. ज्या ज्या हातांत तिने बांगड्या भरल्या होत्या, ते सगळे हात खाली होते.

"शालूआक्का," राजवीर अदबीने म्हणाला, "वही तुम्ही फिरवली काय न्हाय, एवढंच सांगा."

"फिरवली."

"म्हंजे ठराव खोटा."

"सह्या खोट्या न्हाईत."

"सभा खोटी. तुमचा पुरोगामीपणा वहीत हाय आक्का, गावात न्हाय."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. शालूबाईने पहिल्या रांगेत पांढऱ्या टोपीत बसलेल्या भाऊसोंकडे पाहिले. वही त्यांनी दिली होती; एवढे एक वाक्य ते बोलले असते, तरी पुष्कळ होते. ते चष्मा पुसत बसले. तेव्हा शालूबाई उभी राहिली.

"बरं. सभा खोटी, चूक माझी. आजची सभा खरी हाय न्हवं? मग आज इचारा की बायकास्नी. नवरा मेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या काय न्हाय? नुस्तं एवढंच इचारा. मी नगो म्हणतो. माझं ल्ह्या."

एवढ्या गोंगाटात त्या दिवशी कुणी विचारलेला हा एकच नेमका प्रश्न होता. ग्रामसेवकाने कागद चाळले आणि म्हटले, "बाई, तो विषय पत्रिकेवर नाही. पत्रिकेवर विषय आहे बेकायदेशीर ठराव रद्द करण्याचा. खाली बसा."

मग रद्द करण्यासाठी हात वर करायला सांगितले. मंडळाच्या पोरांचे हात गेले. बाळाबाईचा गेला. भाऊसोंचाही गेला. आणि खांबाशी सासूजवळ बसलेल्या सोनमने आधी सासूकडे पाहिले, मग आपला हात वर केला. शालूबाईने वाचवलेल्या बांगड्या मनगटावरून घरंगळून कोपरापर्यंत आल्या.

शालूबाई उभीच होती. तिला नंतर बाहेर कुणी आणले, चपला कुणी दिल्या, हे तिला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सोनम डेअरीच्या वाटेवर भेटली. हातात दुधाची किटली. इकडेतिकडे पाहून म्हणाली, "आक्का, मला त्याच घरात ऱ्हायाचं हाय. लेकरू त्येंच्या हातात हाय. सासूनं सांगिटलंय, आषाढ सरायच्या आत बांगड्या काढून ठीव म्हणून."

"आणि तू?"

"मी काय बोलू?" असे म्हणून ती झपाझप निघून गेली.

सात मे रोजी भाऊसोंच्या मुलीचा, संयोगिताचा चुडा होता. पाच वर्षांची असल्यापासून तिच्या हातात शालूबाईच्याच बांगड्या. महिन्यापूर्वी भाऊसोंच्या बायकोने स्वतः येऊन आवतण दिले होते. शालूबाई पेटी घेऊन गेली, तर मांडवाच्या तोंडाशी भाऊसो उभे.

"आक्का, पेटी आत पाठिव. भरायला पावण्यांची बाई आल्या."

"वही फिरवाय मी चालतो, आणि चुडा भराय न्हाय?"

"हळू बोल की. झेडपी तोंडावर आल्या. आत्ता नगं ही कटकट. तू बाहेर खुर्चीवर बस, च्या पी."

चोवीस वर्षे ती त्याच जागी, मांडवाबाहेर बसली होती. या वेळी बसली नाही. "पेटी माझ्याबिगर आत जात न्हाय," एवढे म्हणून ती माघारी वळली. आतून संयोगिता तिला हाक मारील, असे तिला कोपऱ्यापर्यंत वाटत होते. हाक आली नाही. भाऊसोंनी कुरुंदवाडहून तयार बांगड्या आणवल्या, असे संध्याकाळी कळले.

बारा मे रोजी शालूबाईने अर्ज लिहिला. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेच्या पत्रिकेवर विधवा प्रथा बंदीचा ठराव नव्याने घ्यावा, आणि प्रत्यक्ष हजर असलेल्यांच्याच सह्या घ्याव्यात. खाली तिने आणखी एक वाक्य लिहिले : 'मागील वेळी हजेरीची वही मी घरोघर नेली, ती माझी चूक आहे.' ग्रामसेवकाने ते वाक्य खोडायला सांगितले. "बाई, हे उद्या तुमच्यावरच येईल."

"येऊ दे," शालूबाई म्हणाली. "खोडलं तर पुन्ना तसंच हुईल."

पोच मिळवण्यासाठी तिला तीन खेपा घालाव्या लागल्या. आता ती रिकाम्या हाताने घरोघर जाते. पेटी नाही, वही नाही. "पंध्रा तारखंला ये, आणि तुला काय वाटतंय त्ये तूच बोल," एवढेच सांगते. धंदा निम्म्यावर आला आहे. काही दारे ती दिसताच लागतात. बाळाबाईने तिला आत घेतले, चहा दिला, फ्लेक्सबद्दल पुन्हा एकदा मनसोक्त शिव्या घातल्या आणि येते म्हणाली. तिला धरून येणाऱ्या चौघी झाल्या. सोनम त्यांत नाही. आषाढ सरायला दोन महिने उरले आहेत. शालूबाईच्या हातात बांगड्या अजून आहेत आणि त्या ती काढणार नाही.

वाचकहो, हे वाचून हळहळू नका. हळहळण्यात या जिल्ह्याने पुष्कळ वर्षे घालवली आहेत. आपल्या गावात असा ठराव असेल, तर ग्रामपंचायतीत जाऊन त्याची नक्कल मागा. सभेला खरोखर किती माणसे होती, ते विचारा. तो वही फिरवून झाला असेल, तर दुसऱ्या कुणी रद्द करायच्या आत तुम्हीच तो नव्याने मांडा. येत्या पंधरा ऑगस्टला, शुक्रवारी, आपापल्या ग्रामसभेत स्वतः जाऊन बसा, घरातल्या बायकांना सोबत न्या, त्यांना बोलू द्या, आणि जो विरोध करील त्याचे नाव इतिवृत्तात लिहिल्याशिवाय उठू नका.