टेलिफोनवालीकडे पाठ करून बसणारा माणूस

हिरामणकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते आणि मशीनमधून त्यांनीच तपासून दिलेलं पत्रक बाहेर पडत होतं. फोन त्यांच्या पुतण्याचा. "काका गेले गो," एवढंच म्हणाला. दुकानदाराने विचारलं, थांबवू का? मी म्हटलं, नको, होऊ द्या पूर्ण. काकांनीही हेच सांगितलं असतं. जासईच्या मिठागरात राबणाऱ्या घरातला हा माणूस. तरुणपणी जमीन प्रकल्पात गेली आणि पुढचं आयुष्य प्रकल्पग्रस्तांची पत्रकं लिहिण्यात गेलं. मलाही पत्रक लिहायला त्यांनीच शिकवलं. माझी उद्गारचिन्हं ते लाल पेनाने खोडायचे. "ह्ये चिन्ह म्हंजे दम लागलेला मानूस. आपल्याला दम लागला हाय का?" त्यांचे नियम दोनच होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर लिहायचं नाही. आणि छापलेलं चुकलं तर दुरुस्ती तेवढ्याच मोठ्या अक्षरात, स्वतःच्या नावाने छापायची.

हा लेख म्हणजे अशी दुरुस्ती आहे. चूक माझी आहे. पण ती सांगायची तर आधी एका पिक्चरबद्दल सांगावं लागेल.

नवीन पनवेलमध्ये एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी पंधरा-वीस माणसं जमतात आणि एकच जुना, काळापांढरा अमेरिकन पिक्चर बघतात. दर महिन्याला तोच. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, तिथे सगळे त्याला 'टेलिफोनवाली' म्हणतात. बंदरावरच्या हॉटेलात फोन जोडून देणारी एक मुलगी, तिच्या आवाजावर जीव जडलेला एक जहाजावरचा डॉक्टर, आणि शेवटी जहाज सुटताना त्याचा आलेला फोन, जो ती स्वतःच्या हाताने वायर उपटून तोडते. बस. प्रोजेक्टर सुलभाताईंचा. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या पुण्याच्या, आणि त्या नटीने कुठल्या सीनमध्ये कुठले हातमोजे घातलेत हे त्यांना पाठ. त्यांच्यानंतरचे सर्वांत जुने चाहते म्हणजे आमचे हिरामणकाका. जमिनीच्या कामाला ते कधीकाळी पनवेलला आले होते, साहेब जागेवर नव्हते, ऊन टाळायला म्हणून इंग्रजी पिक्चरच्या मॉर्निंग शोला जाऊन बसले. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता. दुसऱ्या दिवशी परत आले, साहेबांसाठी नव्हे.

मला हे कळलं तेव्हा मी भडकले. आमच्या खाडीत भराव पडतोय, कंटेनरच्या गाड्यांनी गावातला रस्ता खाल्लाय आणि आमचा नेता गोऱ्या बाईचे हातमोजे बघत बसतो? मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'हा कुणाचा रविवार?' आणि ते तपासायला द्यायला काकांशिवाय होतं कोण... त्यांनी शांतपणे वाचलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, तीन उद्गारचिन्हं खोडली.

"चांगला झालाय. पिक्चर बघितलास?"

"नाही."

"मंग कसला पत्रक काढतेस गो? रविवारी ये. बघ, आनि मंग वाट. दरवाजात मी सोता वाटीन."

मी गेले. तिथे नवीन माणसासाठी पहिल्या रांगेत मधली खुर्ची राखलेली असते. आणि तिच्यासमोर, भिंतीला लागून, एक खुर्ची उलटी, पडद्याकडे पाठ करून. त्या खुर्चीवर काका. पिक्चर त्यांना इतका पाठ होता की आता तो बघायची गरज नव्हती. ते नवख्या माणसाचं तोंड बघायचे. दोन तास हा माणूस माझ्याकडे टक लावून बसला होता, आणि त्यांच्या पाठीमागे पडद्यावर ती मुलगी वायर हातात घेऊन उभी राहिली तेव्हा माझ्या डोळ्यांचं काय झालं ते त्यांनी पाहिलं. त्यामुळे नंतर खोटं बोलायची सोय नव्हती. पत्रक वाटलं गेलं नाही.

पिक्चर संपल्यावर चहा आणि चहाबरोबर ठरलेलं भांडण. वायर उपटल्यावर ती मुलगी खिडकीकडे, जहाजाकडे, वळून बघते की नाही? सुलभाताईंचं म्हणणं, मुळीच नाही. काकांचं म्हणणं, "वलते. डोलं मिटून उघडस्तवर वलते. तुमी चष्मा पुसत व्हत्या."

"हिरामणराव, मी हा पिक्चर तुमच्यापेक्षा जास्त वेळा पाहिलाय."

"तेवढ्या येला चष्मा पुसला तुमी."

पिक्चर मागे घेऊन कधीही बघता आलं असतं, पण तो तिथला कायदा आहे. मागे घ्यायचं नाही.

मी त्यांच्या आवडीला जरा बरी कारणं शोधून दिली होती. म्हटलं, काका, ती कामगार बाई आहे, श्रीमंताच्या जहाजावर चढायला नकार देते, हे आपल्या लढ्याशी जुळतं. त्यांनी बशीतला चहा संपवला. "नाय गो. तसला काय नाय त्याच्यात. प्रेम हाय. तेवढाच हाय." आणि थोड्या वेळाने, "आपल्या मानसानं येवढा पन नाय बघायचा काय?"

आता चूक. काकांच्या शोकसभेचं पत्रक मी लिहिलं. त्यात 'टेलिफोनवाली'वर दोन ओळी होत्या. आमच्या प्रकल्पग्रस्त समितीच्या अध्यक्षांनी त्या कापल्या. म्हणाले, "लोक हसतील. माणूस मोठा होता, त्याला छोटा नको करू." मी ऐकलं. सभेत माईकही माझ्याच हातात होता. मागच्या रांगेत सुलभाताई आणि रविवारची मंडळी बसली होती. ताईंची चिठ्ठी आली, 'दोन मिनिटं बोलू द्याल का?' मी ती वाचली, घडी केली आणि पर्समध्ये टाकली. पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. इतरांची बोलती बंद करणाऱ्यांविरुद्ध पत्रकं काढणारी मी.

तर ही दुरुस्ती. हिरामणकाका लढाऊ होते आणि एका अमेरिकन प्रेमाच्या पिक्चरवर त्यांचा जीव होता. दोन्ही खरं. दुसऱ्याने पहिलं छोटं होत नाही. ज्याला हसायचं असेल त्याने आधी पिक्चर बघावा.

अध्यक्षांनाही मी हेच सांगितलं, काकांच्या शब्दांत. परवाच्या रविवारी ते आले. "पाच मिनिटं बसतो," म्हणून मोबाइल हातात धरून पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसले. सुलभाताई त्यांच्या शेजारी. शोकसभेतली ती चिठ्ठी मी ताईंच्या हातात ठेवली. त्यांनी ती पाहिली आणि समोरच्या उलट्या खुर्चीकडे बोट केलं. तिथे कुणी बसलं नव्हतं. मी जाऊन बसले.

त्या खुर्चीवरून पिक्चर फक्त ऐकू येतो आणि माणसांवर त्याचा उजेड हलताना दिसतो. अध्यक्षांचा मोबाइल कधीतरी खिशात गेला. शेवटचा फोन आला तेव्हा ते पुढे वाकले, गावातल्या सभेत विरोधकाचं भाषण ऐकताना वाकतात तसे. मग वायर उपटल्याचा तो छोटासा आवाज... आणि नेमक्या त्याच क्षणी सुलभाताईंनी चष्मा काढला. पदराने एक काच पुसली, दुसरी पुसली, परत डोळ्यांवर चढवला. तोपर्यंत संगीत सुरू झालं होतं.

चहाच्या वेळी अध्यक्ष म्हणाले, "वळली ना ती? अगदी जराशी?"

"नाही हो. वळत नाही ती," सुलभाताई म्हणाल्या.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला काय विचारता, माझी पाठ होती. मग हॉल आवरला, खुर्च्या भिंतीला रचल्या. ती एक मात्र मी होती तशीच ठेवली, पडद्याकडे पाठ करून.