किरी म्हणण्याआधी

मराठीत स्विच बंद केला की वीज जाते. विजेच्या धंद्यात उलटं: सर्किट क्लोज झालं की वीज वाहते, ओपन झालं की थांबते. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरमध्ये मी नवा होतो, तेव्हा माझे जपानी सीनियर इंजिनियर म्हणाले, "तुझी भाषा आणि माझी भाषा, दोन्ही माणूस मारतील." मला तो विनोद वाटला.

ते स्वतः ओपन-क्लोज म्हणतच नसत. स्विचकडे बोट रोखून मोठ्याने म्हणायचे, "किरी." जपानीत, वीज तोडली. आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय किरी म्हणायचं नाही. लंचरूममध्ये पोरं मायक्रोवेव्हला बोट दाखवून "किरी!" ओरडायची. तेही हसायचे. "पाहिलं नाहीस. सूप अजून फिरतंय."

रिटायरमेंटला कंपनीने काचेची ट्रॉफी दिली. व्हाइस प्रेसिडेंटने त्यांचं नाव दरवेळी नव्याने चुकवलं आणि जाहीर केलं, "आयुष्यभरात अपघात झिरो!" टाळ्या झाल्या. पार्किंग लॉटमध्ये ट्रॉफी माझ्या हातात कोंबून ते म्हणाले, "झिरो नाही. वन."

अमेरिकेत नवे असताना एका सबस्टेशनवर जोडीदाराने त्यांना विचारलं होतं, आत हात घालू का? वीज चालू होती. थांब, असं सांगायला हे म्हणाले, "ओपन!" नळ उघडा असला की पाणी वाहतं, तसं. त्याने धंद्यातला अर्थ घेतला आणि आत हात घातला.

पुढे त्यांना विसर पडू लागला. तो मेलेला जोडीदार तेवढा विसरेना. संध्याकाळी जेवताना त्यांचा फोन यायचा आणि माझी मुलगी म्हणायची, "बाबा, युवर घोस्ट इज कॉलिंग."

"तो आत चाललाय," ते म्हणायचे. "वीज?"

"किरी," मी पोळी तोडत सांगायचो. फोन ठेवला जायचा.

परवा मात्र त्यांनी विचारलं, "पाहिलंस?"

त्यांच्याशी खोटं बोलता येईल, त्यांच्या नियमाशी कसं बोलणार? मी गॅरेजमध्ये गेलो, पॅनेल उघडलं आणि मेन स्विच खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली. आतून मुलगी ओरडली, "बाबा! वायफाय!" मोबाइलच्या उजेडात बोट रोखून मी म्हणालो, "किरी."

पलीकडून ते हळूच म्हणाले, "थँक यू. आता त्याला बाहेर बोलाव."

फोन बंद झाला. बायको दारात आली. "अहो, लावा ना लाइट. कशासाठी थांबलात?"

हात स्विचवर होता. वर जाईना. तो बाहेर आला की नाही, मी पाहिलं नव्हतं.