अडलेल्या शब्दांचा रकाना

तक्ता मीच बनवला होता. एका पानावर पूर्ण महिना बसावा म्हणून रकाने पाचच ठेवले: तारीख, पान, मिनिटं, अडलेले शब्द, पालकाची सही. खरं तर अडलेले शब्द लिहूनच घ्यायला हवे होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी तेच शब्द परत घेता आले असते. पण तेवढी जागा नव्हती. म्हणून खाली सूचना टाकली, 'फक्त संख्या लिहावी', आणि ठाण्याहून ऑफिस सुटल्यावर ऐंशी झेरॉक्स काढून आणल्या.

शहाडच्या बाजूच्या एका शाळेत दर शनिवारी दुपारी मी तिसरीच्या पालकांचा वर्ग घेत असे. मूल घरी वाचायला कसं बसवायचं, पेन्सिल कशी धरू द्यायची, टीव्ही कधी बंद करायचा, असे विषय. येणाऱ्या बहुतेक आयाच असत. त्यांतली एक पोळीभाजी केंद्राला पोळ्या लाटून द्यायची. तिचा तक्ता कधी कोरा नसे. पहिल्या आठवड्यात तिच्या मुलीचे सतरा शब्द अडले होते. मग चौदा, नऊ, चार. पाचव्या आठवड्यात शून्य.

मी तो तक्ता सगळ्यांसमोर वर धरला. "बघा, याला म्हणतात नियम."

मागून एकीने विचारलं, "कसं गं जमवलंस? माझा तर पुस्तक बघूनच पळतो."

"काय नाय, जेवढे शब्द तेवढे फटके," ती म्हणाली. "मोजायचं सोपं जातं. ताईंनी रकाना दिलाय ना."

वर्ग हसला. मीही हसले. मला ती थट्टा वाटली, आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळले.

त्यानंतर दोन आठवड्यांत इतरांचेही आकडे उतरले. तेरावरून पाच, दहावरून दोन. मी खूश होते. मुख्याध्यापिकाबाईंना आकडे दाखवले, त्याही खूश झाल्या. अक्षर ओळखायला दोन महिने लागणारं मूल पंधरा दिवसांत जवळजवळ न अडता वाचतं कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

मग एका शनिवारी त्या पोळीवालीची मुलगी तिच्याबरोबर आली. मी तिला जवळ बसवलं आणि पुस्तक उघडलं. घरी झालेलं पान न घेता पुढचं, नवं पान काढलं. तिने पहिले तीन शब्द वाचले. चौथा जोडाक्षराचा होता. ती थांबली, आणि माझ्याकडे न बघता उजवा हात पुढे केला. तळवा खाली, बोटं जुळवलेली. मधलं बोट पेराशी सुजून जांभळं झालं होतं.

"हात कशाला?" मी विचारलं.

"एक झाला," ती म्हणाली.

तेव्हा कळलं. जुनी पानं तिने पाठ केली होती. मार चुकवायला दुसरा मार्ग नव्हता.

मी तिच्या आईला बाहेर बोलावलं. "हे कशाने झालं?"

"लाटण्याने. लागलं जरा जास्त." तिचा आवाज खाली आला नाही. "ताई, माझ्या आईने मला असं बडवलं असतं ना, तर मी आज दिवसाला दोनशे पोळ्या लाटत बसले नसते. ही नाय बसणार."

मी दोघींना रिक्षात घालून कल्याणला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोट दाबलं तशी मुलगी किंचाळली, आणि लगेच ओठ आवळून आईकडे बघू लागली. हाड मोडलं होतं.

"कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडली," आई म्हणाली.

हेच उत्तर मी वीस वर्षांपूर्वी ठाण्याच्या एका दवाखान्यात दिलं होतं. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. शुद्धलेखनाच्या एका ओळीत तिने चौथ्यांदा तीच चूक केली आणि मी तिच्या कानाखाली मारली. सगळ्या ताकदीने. ती खुर्चीवरून खाली गेली. आधी रडली नाही, नुसती डोकं हलवत राहिली, जसं पोहून आल्यावर कानातलं पाणी काढतात. मग उशीवर रक्ताचा थेंब दिसला. कानाचा पडदा फाटला होता. अजून तिला डाव्या बाजूने कमी ऐकू येतं. फोन ती नेहमी उजव्या कानाला लावते. शुद्धलेखन तिचं चांगलं आहे. माझ्याशी बोलताना ती एकही वाक्य घाईने बोलत नाही.

"पडली नाही," मी डॉक्टरांना म्हणाले. "लाटण्याने मारलंय. वाचताना चुकली म्हणून."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, पुढचं लाटणं माझ्यावर चालेल. डॉक्टरांनी तिला जे सुनावलं ते सुनावलं. तिने मान खाली घातली नाही. बाहेर पडल्यावर मला म्हणाली, "शाबासकी दिलीत तेव्हा तुम्हाला गोड वाटलं, आता मला चोर केलंत."

तिचं खरं होतं. पुढच्या शनिवारी मी तक्ते परत गोळा केले आणि फळ्यापाशी उभी राहिले. म्हटलं, घरी कोण कशाने मारतं ते सांगा, मी लिहिते. पहिलं नाव मी माझ्या हाताचं लिहिलं आणि माझ्या मुलीच्या कानाचं सांगितलं. मग सुरू झालं: पट्टी, उलथणं, चार्जरची वायर, चप्पल, पाण्याची बाटली, एकीने तर गरम चमचा सांगितला. फळा भरला. एक बाई चिडून म्हणाली, "मारायचं नाय तर काय आरती ओवाळायची पोरांची?"

"शब्द अडला की सांगून टाकायचा," मी म्हणाले. "लगेच. आणि पुढे जायचं. एवढंच."

"आणि परत अडला तर?"

"परत सांगायचा."

पोळीवाली त्या दिवशी आली नव्हती. म्हणून मंगळवारी चारला मीच तिच्या घरी गेले. खोलीत पिठाचा धुरळा, तवा तापलेला, मुलगी भिंतीला टेकून, बोटाला प्लास्टर. लिहिणं तीन आठवडे बंद राहणार होतं, वाचणं तरी व्हावं म्हणून मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. आई लाटत होती. तिला वाचता येतं, नववीपर्यंत शिकली आहे. ती तिरकी होऊन पुस्तकात बघत होती.

मुलगी दुसऱ्या ओळीत अडली. या वेळी डावा हात पुढे आला.

आईचं लाटणं पोळीवर थांबलं. "आंघोळ," ती दात आवळून म्हणाली. "आंघोळ आहे ते."

मुलगी शब्द बोलली नाही. हात तसाच. "आई, मार ना," ती म्हणाली. "मग पुढचं वाचते."

आईने लाटणं जोरात फेकलं. ते माझ्या पायाशी येऊन आदळलं. मुलीने डोळे घट्ट मिटले, पण हात मागे घेतला नाही. तव्यावरची पोळी जळत होती, कुणी उलटली नाही. आईने तो हात मनगटाला धरला आणि दाबून मुलीच्या मांडीखाली सारला. "इथं ठेव. वाच."

"आं... आंघोळ," मुलगी म्हणाली.

"पुढं."

आणखी चार ओळी झाल्या. प्रत्येक अडलेल्या शब्दाला आईचा खांदा उचलला जायचा, आणि शब्द तिच्या तोंडातून शिवीसारखा बाहेर यायचा. पण शब्दच यायचा. मग ती माझ्याकडे वळली.

"ताई, तुम्ही जा आता. तुम्ही समोर असलात की मला लाज वाटते, आणि लाज वाटली की माझा हात उठतो."

मी चपला घातल्या आणि बाहेर पडले. जिन्यात थांबले. आत मुलगी वाचत होती, मग अडली. बराच वेळ आवाज नाही. मी कठडा धरला, परत वर चढायच्या तयारीत.

"पाऊलवाट," आतून आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, जरा हळू, "पाऊलवाट गं. म्हण."