आडनावाचं गाव
धरणाचं पाणी उतरलं की आमच्या चौकापर्यंत ओल्या गाळाचा वास येतो आणि मला नवऱ्याच्या ऑफिसातली ती इंग्रज पाहुणी आठवते. जेवताना सासूबाईंनी सवयीनं तिचं आडनाव नि गाव विचारलं. तिचं आडनाव गावावरूनच पडलेलं होतं. गाव समुद्रानं गिळलं, आडनाव तेवढं चार-दोन घरांत उरलं. मी हे मराठीत सांगताच सासूबाईंचा भाकरी वाढणारा हात थांबला. "मग देवाला कुठं जाता गं तुमी?" आमचंही आडनावाचं गाव धरणात बुडालेलं. देव पाण्याखाली, म्हणून नारळ काठावर फुटतो. सासूबाई तिला तिथंच घेऊन गेल्या. "फोड हितंच. ह्ये पानी समुद्रालाच जातं." आता सासूबाई नाहीत. मी दोन नारळ नेते, आणि दुसरा फोडताना तिकडचा देव कोण असेल, असं दरवेळी मनात येतं.