चुलीवरची कणसे

२००४चा उन्हाळा, २००५चा हिवाळा आणि २००७चा वसंत: फलक दुरुस्त करण्याची लेखी विनंती मी तीनदा केली. एकदाही उत्तर आले नाही. याला उत्तरदायी आहेत आमच्या भागातल्या युद्धसंग्रहालयाचे संचालक आणि फलकाचा मजकूर मंजूर करणारी त्यांची समिती.

अमेरिकेतल्या शॉमबर्गमधले माझे शेजारी दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. ब्रह्मदेशाच्या सीमेवरील डोंगरांत त्यांचे विमान कोसळले. पाय मोडलेल्या अवस्थेत त्यांना डोंगरातल्या गावकऱ्यांनी पाठीवर वाहून नेले आणि हिवाळाभर सांभाळले. संग्रहालयातला त्यांच्याविषयीचा फलक मात्र सांगतो, ते ‘केवळ स्वतःच्या हिमतीवर जगले’.

त्या २००४च्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात मक्याची कणसे भाजताना ते सहज म्हणाले, की त्या हिवाळ्याच्या अखेरीस गावकरी चुलीवर टांगलेली कणसे उतरवून त्यांना खाऊ घालत. माझी पत्नी थबकली.

“अहो, सांगा त्यांना, धुरावर टांगतात ते बियाणं असतं. त्या लोकांनी यांना पुढची पेरणी खाऊ घातली!”

मी ते इंग्रजीत सांगितले. त्यांनी हातातले कणीस ताटात ठेवले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, तो फलक बदलून घ्या. हे खोटं मागे ठेवून मला मरायचं नाही.”

गेल्या महिन्यात ते वारले. फलक तसाच आहे.

संचालक महाशय, आता मला खासगी खुलासा नको. त्या फलकाशेजारी उभे राहून, लोकांसमक्ष सांगा: ज्यांनी आपले बियाणे दिले, त्यांच्यासाठी तुमच्याकडे एक ओळ का नाही?