सहीमास्तरांचे आभार

आमच्या आरोग्य केंद्रातली सामानाची खोली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला आम्ही नर्स सहीमास्तर म्हणतो. घरोघरी जाऊन पेशंट बघायचे, हे आमचं काम. सगळ्यांच्या आजारांच्या नोंदी टॅबमध्ये असतात आणि टॅब उघडतो तो त्याच्यावर पेनने सही केल्यावरच. ती सही आधी नोंदवून घ्यायची, हे काम यांचं.

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्याजणी परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसलो आणि मोत्यासारख्या सह्या काढल्या. दुसऱ्या दिवशी एकीचाही टॅब उघडेना! मी तरातरा गेले आणि त्यांना नको नको ते बोलले. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि विचारलं, "मुलीचं गणित काय म्हणतंय?" झालं, मी गणिताचं रडगाणं गात बसले आणि बोलता बोलता त्यांनी पुढे केलेल्या टॅबवर दहा वेळा सही खरडली.

"आता उघडेल," ते म्हणाले. "सही दिसते कशी, एवढ्यावर हे यंत्र जात नाही. हात कुठे पळतो, कुठे दाबतो, कुठे उचलतो, तेही बघतं. ठरवून काढलेली सही पुन्हा तशी येत नाही, बाई."

मनात म्हटलं, म्हातारा जरा जास्तच शहाणा आहे.

गेल्या महिन्यात मी टॅब एका घरी विसरले. त्या घरी मी सासऱ्यांच्या पायाची पट्टी बदलायला जाते. पण त्यांच्या सुनेला फिट येतात, आणि तिचे उपचार आमच्याच केंद्रात चालतात. घरात कुणालाच माहीत नव्हतं. लग्नाला चारच महिने झालेले. "नवऱ्याला मीच सांगेन, पण थोडा धीर येऊ दे," असं ती मला म्हणाली होती. तिची सगळी नोंद त्या टॅबमध्ये.

आठवलं तशी धावत गेले. तिच्या सासूबाई टॅब मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी पट्टीचं कार्ड, त्यावर माझी सही. "तुमची सही भारीच अवघड हो," म्हणाल्या. लाज ना शरम. काचेवर त्यांनी काढलेली सही तशीच होती, हुबेहूब, माझ्यापेक्षा सुबक. खाली लिहिलं होतं, नऊ प्रयत्न, जुळत नाही. सून दाराशी उभी होती, चेहरा पांढराफटक.

"कधीकधी मलाही जमत नाही," मी म्हणाले आणि टॅब उचलला. जिन्यात येऊन घाईघाईत सही केली, लगेच उघडला. तिथेच पायरीवर बसून रडले मी.

पंधरा दिवसांनी सून नवऱ्याला घेऊन केंद्रात आली. तिनेच त्याला सांगितलं होतं, सवडीने, आपल्या शब्दांत. तो गोळ्यांच्या वेळा विचारत होता आणि तळहातावर लिहून घेत होता.

ते गेल्यावर मी तडक सामानाच्या खोलीत गेले. मास्तर पेनांची टोकं पुसत होते.

"तुमचे फार उपकार झाले," मी म्हटलं.

"कशाबद्दल?"

"ते सांगता येत नाही हो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग नका सांगू," म्हणाले आणि मला बसायला खुर्ची सरकवली.