काका म्हणू नये असा गाव

ऑन्टॅरिओतल्या मार्कहॅमहून निघताना तिथे राहणाऱ्या मावशीने डब्यात थालीपिठं भरली आणि वर उपदेशही दिला. "अरे, स्पॅनिश म्हणजे पोर्तुगीजची सख्खी चुलत बहीण. आपले पगार, साबण, चावी हे शब्द पोर्तुगीजमधूनच आलेत. तुला काय अवघड आहे?" मलाही ते पटलं. बसमध्ये बसलो तेव्हा अर्धी भाषा येतेच आहे, अशा थाटात होतो.

मी नगरचा. घरात तीन पिढ्या चर्चचं काम. मिशनने मला ऑन्टॅरिओच्या पार दक्षिणेला पाठवलं होतं. तिथल्या ग्रीनहाऊसमध्ये मेक्सिकोहून हंगामी कामगार येतात, त्यांच्यात राहून सेवा करायची आणि त्यासाठी स्पॅनिश शिकायची. चर्च सांभाळणाऱ्या हेलनबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "शरदात कामगार घरी जातात. त्यांच्या निरोपाची प्रार्थना स्पॅनिशमध्ये तू करायचीस. जमलं तर पुढच्या वर्षीही इथेच. नाहीतर मार्कहॅमला जा, तिथे भारतीय खूप आहेत, तुझं हिंदी कामाला येईल." मावशीवर माझा जीव आहे हो, पण हिंदी बोलायला मी काही सातासमुद्रापार आलो नव्हतो!

गाव सपाट, परातीसारखा. जिकडेतिकडे काचेची घरं आणि आत टोमॅटोचे वेल. रस्ता संपतो तिथे सरोवर. सरोवर म्हणायचं एवढंच, पलीकडचा काठ काही दिसत नाही. वारा मात्र असा की मे महिन्यातही मी कानटोपी काढली नाही.

दिवस ठरलेला असे. सकाळी क्रियापदं घोकायची, दुपारी कामगारांच्या सायकलींची पंक्चरं काढायची, संध्याकाळी त्यांना गाडीतून ग्रोसरीला न्यायचं. भाषेने मात्र घाम फोडला. आपल्या एका 'आहे'साठी यांच्याकडे दोन. मी मराठी आहे, हे कायमचं, त्याला एक; मी दमलेला आहे, हे तात्पुरतं, त्याला दुसरं. त्यांची अदलाबदल करून मी बरेच दिवस कायमचा दमलेला आणि तात्पुरता मराठी होतो.

कामगारांच्या बंकहाऊसमधल्या (एकत्र राहायच्या घरातल्या) सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाची ओळख झाली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "दोन रामिरो." मी दुसरा कुठे आहे म्हणून मागे पाहिलं! 'दोन' म्हणजे आपलं 'राव', हे नंतर कळलं. पिकलेल्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. त्यांनी हो म्हटलं की सगळं बंकहाऊस हो म्हणे.

एका रविवारी चर्चच्या जेवणाला हॉल भरला होता. दोन रामिरो दारात आले. एवढ्या मोठ्या माणसाला नुसत्या नावाने कशी हाक मारायची? मी मोठ्या प्रेमाने ओरडलो, "बुएनास तार्देस, काका!" (नमस्कार, काका!)

हॉलमध्ये हास्याचा स्फोट झाला. पोरं टेबलं बडवत होती, "दोन काका! दोन काका!" शेजारच्याने माझ्या कानात सांगितलं, तान्ही बाळं लंगोटात जे करतात, त्याला स्पॅनिशमध्ये काका म्हणतात. धरणी दुभंगावी असं झालं. दोन रामिरो वळले आणि निघून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्यांच्यामागे बंकहाऊसमधलं कोणीच आलं नाही. हेलनबाई रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होत्या. आता निरोपाची प्रार्थना करायची तरी कोणासाठी?

शेवटी मी मनाचा हिय्या करून बंकहाऊसवर गेलो. दोन रामिरो स्वयंपाकघरात मोल्काहेतेत (दगडी खलात) मिरच्या वाटत होते. मी जमतील तसे शब्द जोडले. "काका. एर्मानो दे मी पापा. रेस्पेतो." (बाबांचा भाऊ. आदर.)

त्यांनी मान वर केली नाही. "तू सगळ्यांनाच म्हणतोस?"

"सगळ्यांना. शेजारी, दुकानदार, बसचा ड्रायव्हर. सगळे काका."

वाटणं थांबलं. मिशा हलल्या. "पोब्रे इंडिया," (बिचारा भारत) ते म्हणाले आणि पोट धरून हसायला लागले.

मग त्यांनी तोर्तियावर (मक्याच्या पातळ पोळीवर) ते वाटण थापून माझ्यापुढे केलं. बाकीचे एकमेकांना डोळे मारत होते. यांना काय माहीत, मी ठेच्यावर वाढलेला! मी पोळी संपवली आणि म्हटलं, "मास." (आणखी.) दोन रामिरोंनी खुर्ची पुढे ओढली. "बस, सोब्रीनो." सोब्रीनो म्हणजे पुतण्या.

त्यानंतर माझी शाळा त्या चुलीपाशी भरू लागली. उठून बाहेर जाताना ते नेहमी म्हणत, "आओरिता वेंगो." शब्दशः अर्थ 'आत्ता येतो'. मी उडालोच. "दोन रामिरो, आम्हीही निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो!" त्यांनी मान डोलावली. "बरोबर. जातो म्हटलं की घरचे घाबरतात."

निरोपाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मी पाठ केलेली प्रार्थना सुरू केली आणि चौथ्या वाक्याला सगळं साफ विसरलो. हेलनबाईंनी डोळे मिटलेलेच होते, ते अजून घट्ट मिटले. पहिल्या रांगेतून हळूच आवाज आला, "देस्पासिओ, सोब्रीनो." (सावकाश, पुतण्या.)

मग मी पाठांतर सोडलं आणि माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये बोललो. "देवा, ही माणसं जात नाहीयेत. ती म्हणतात, आओरिता वेंगो. घरी त्यांची लेकरं वाट बघतायत. सुखरूप ने. आणि त्यांनी येतो म्हटलंय, म्हणून सुखरूप आण." सगळ्या हॉलचं एकच "आमेन". कोणी कोणी डोळे पुसत होतं. मीही पुसले, लपवत कशाला?

हेलनबाई म्हणाल्या, "व्याकरण भयंकर आहे तुझं. वसंतात लवकर ये."

मार्कहॅमला पोचलो तेव्हा मॅपलची पानं गळून गेली होती आणि मावशी गाडीला बर्फात चालणारे विंटर टायर्स लावून आली होती. भाषा अजून अर्धीच येते, पण आता ती कोणासाठी शिकायची हे माहीत आहे. "कायमचा आलास का रे?" मावशीने विचारलं. "नाही गं. तिकडे 'येतो' म्हणून आलोय."

तेवढ्यात फोनवर मेक्सिकोहून एक बोलका निरोप आला, आवाज रेकॉर्ड केलेला. मी मोठ्याने लावला. घसा खाकरून भारदस्त आवाज म्हणाला, "सोब्रीनो! सोय तू काका!" (पुतण्या, मी तुझा काका!) मागे नातवंडं किंचाळून हसत होती आणि तो आवाज त्यांना दटावत होता, "एर्मानो दे पापा! रेस्पेतो!"

"कोण रे हे?" मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"काका आहेत," मी म्हटलं. "पोचले घरी."